निळी पूड आणि आबांचा हात

कुठल्याही बाटलीचं झाकण उघडण्याआधी आमच्या कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर तिला हाताची पालथी बाजू लावून बघायचे. लेकराला ताप आहे का हे आई कपाळाला हात लावून बघते ना, तसं. मग माझ्याकडे वळून विचारायचे, "सर, कोरडं हाय ना?"

बाटली त्यांची, पूड त्यांची, केमिस्ट्री त्यांची. मी शेजारच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेतला माणूस. मला काय कळणार कोरडं की ओलं? तरी मी "कोरडं आहे, सर" म्हणून मोकळा व्हायचो. त्यावर ते बाटलीला परत हात लावायचे आणि पुन्हा विचारायचे, "पण नक्की ना?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गावाला निघताना कुलूप ओढओढून बघणारी, गॅस बंद केलाय का म्हणून कोपऱ्यावरून परत फिरणारी. आमचे सर त्यांतले. आता त्या प्रयोगशाळेत दुसरे सर आलेत. ते बाटली सरळ उचलतात आणि ओततात. मला मात्र अजून बघवत नाही. ओठांवर येतं, की अहो, आधी हात तरी लावून बघा.

बीड जिल्ह्यात आभाळ भरून आलं की माणसं कौतुकानं अंगणात येऊन उभी राहतात. सर खिडक्या लावायला धावायचे. एका वर्षी पाऊस लांबला, स्टाफरूममध्ये सगळे हळहळत बसले होते, आणि हे कोपऱ्यातून म्हणाले, "हवा मात्र झकास कोरडी हाय." कॉमर्सच्या सरांनी हातातला कप खाली ठेवून त्यांच्याकडे असं बघितलं, की मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस हे बोलतोच कसा.

ते करत काय होते, हे आधी सांगायला हवं. सिलिकॉन तेलात त्यांची निळी पूड कालवली की काळपट, पातळ असं काहीतरी तयार व्हायचं. ते दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत भरायचं. पत्र्यांना मोठ्या व्होल्टेजची वीज जोडली की तेल जागच्या जागी दह्यासारखं घट्ट. वीज बंद केली की पुन्हा पातळ. पापणी लवायच्या आत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बटण चालू-बंद, चालू-बंद करत बसलो. शेवटी त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

पूड म्हणजे सिलिकाचे, वाळूच्याच जातीचे अगदी बारीक कण, आणि प्रत्येक कणावर पॉलिॲनिलीनचा लेप. पॉलिॲनिलीन म्हणजे वीज वाहणारं प्लास्टिक समजा. नुसते कण घेतले तर काम करायला त्यांना थोडी ओल लागते. लेप दिलेले कण मात्र कोरडे ठणठणीत असले तरी वीज लागताच एकमेकांना धरून रांगा करतात, आणि त्या रांगांमुळे तेल घट्ट होतं.

"पाण्यावाचून काम करणारी पूड," मी म्हणायचो, "ही बीडमध्येच व्हायची होती."

ते हसायचे नाहीत. "पण नंतर पाणी शिरलं तर लई वाईट, सर. करंट गळतोय मग."

लेप द्यायचा तर भांडं बर्फात ठेवावं लागतं. बर्फ कॉलेजसमोरच्या रसवंतीतून यायचा. रसवंतीवाला विचारायचा, "सर, एवढा बर्फ नेता, सरबताचं दुकान टाकलं काय?" लेप आधी हिरवा होतो. हिरवा म्हणजे त्यातून वीज फार वाहणार. मग तो अमोनियाच्या पाण्यानं धुवायचा, की निळा होतो. आपल्याला निळा पाहिजे. हिरवा राहिला तर पत्र्यांमध्ये ठिणगी पडते. सर धुवायचे, वाळवायचे, उजेडात धरून बघायचे आणि पुन्हा धुवायला घ्यायचे. लग्नातली भांडीसुद्धा इतक्यांदा कुणी धुत नसेल.

हे सगळं कशासाठी, असं एकदा मी वैतागून विचारलं. मला वाटलं होतं, पीएचडी वगैरे म्हणतील.

"आबांच्या हातासाठी," ते म्हणाले.

आबा म्हणजे त्यांचे वडील. उमापूरच्या पलीकडे त्यांची वस्ती, मेंढरांचा कळप. त्यांच्या घरची रीत अशी, की कातरणीच्या दिवशी पहिली कातर घरातल्या वडील माणसानं मारायची. त्याशिवाय दुसऱ्या कुणी मेंढराला कातर लावायची नाही. आणि आबांचा उजवा हात काही वर्षांपासून थरथरायला लागला होता.

"गेल्या साली मेंढीला लागलं, सर. मानेवर. आबांनी कातर ठेवली ती ठेवलीच. म्हणले, मुक्या जनावराला कशाला तरास. पुढच्या साली मी कातरणीला बसणार न्हाई." एवढं सांगून ते पुन्हा बाटलीला हात लावून बघायला लागले.

म्हणून त्यांनी मनगटाचा एक पट्टा करायला घेतला होता. एक पत्रा कोपराकडच्या बाजूला बांधायचा, एक पंज्याकडे, दोन्ही एकमेकांवर सरकणारे, आणि त्यांच्या मधे तेल. सगळं प्लास्टिकच्या डबीत बंद. वीज लावली की तेल घट्ट, पत्रे सहज सरकत नाहीत, आणि हात थरथरायला गेला की त्याला आतल्या आत अडसर. मोठ्या व्होल्टेजसाठी त्यांनी डास मारायच्या रॅकेटी उघडल्या. त्या वर्षी आमच्या गल्लीत रॅकेट बिघडली की लोक ती फेकायच्याऐवजी सरांच्या दारात ठेवून यायचे, आणि सर ती उचलून आत नेताना आजूबाजूला बघायचे, की कुणी रागवेल की काय.

व्होल्टेज मोठं असलं तरी करंट चिमूटभर असला की माणसाला काही होत नाही, हे त्यांना मीच समजावलं होतं. पण म्हाताऱ्या माणसाच्या हाताला ते बांधायचं म्हटल्यावर माझाही जीव खालीवर व्हायला लागला. गणित कागदावर ठीक असतं हो. समोर कुणाचा बाप बसलेला असला की तेच गणित परत तपासावंसं वाटतं.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. पूड तोलायची वेळ आली की ते म्हणायचे, "सर, जरा तुमी तोला ना." मला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. फळ्यावर लिहिणं त्यांनी सोडलंच होतं. पोरांना वाटायचं, सर तोंडी शिकवण्यात पटाईत आहेत. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, आणि विचारलं तर थंडी वाजते म्हणायचे. बीडच्या एप्रिलमध्ये. एक दिवस मी तोलायला नाही म्हटलं. अंगात आळस होता, दुसरं काही नाही. तेव्हा त्यांनी चमचा उचलला, आणि तो वजनकाट्याच्या ताटलीवर टकटक वाजायला लागला.

मी चमचा त्यांच्या हातातून घेतला. त्यांनी हात खिशात घातला.

"आबांचा असाच सुरू झालता," ते म्हणाले. "आधी उजवाच."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. म्हणले, घराण्यात असतं हे. जिवाला धोका न्हाई. पण वाढत जाणार." मग एकदम माझा दंड धरून म्हणाले, "आबांना कळू द्यायचं न्हाई, सर. त्यांना वाटंल, त्यांनीच मला दिलं."

त्या दिवसापासून बाटली ओली असल्याची भीती मलाही वाटायला लागली.

थंडीत आबा कॉलेजात आले. पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मुलाला ते नावानं हाक मारत नसत. "मास्तर, तुझी शाळा लई वास मारती," असं म्हणत ते प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसले आणि पाय हलवायला लागले. उजवा हात घोंगडीखाली होता. तो थरथरला की घोंगडीची कड हलायची.

सरांचा नियम होता, आधी स्वतःच्या हाताला. पट्टा त्यांनी डाव्या हाताला बांधला. पाच-सहा वेळा सगळं तपासलं, मला तपासायला लावलं, आबांना लांब बसायला सांगितलं. मग बटण दाबलं.

चट असा आवाज झाला. डबीच्या कडेला निळी ठिणगी दिसली, आणि सरांचा हात उडून टेबलावर आपटला. लागलं काही नाही. करंट खरंच चिमूटभर होता. पण ते मटकन खाली फरशीवर बसले.

"आबांच्या हातात असता तर?" ते मला विचारत होते. "सर, आबांच्या हातात असता तर?"

आबा स्टुलावरून उतरले. माठातलं पाणी त्यांनी पेल्यात घेतलं आणि मुलाकडे नेलं. निम्मं वाटेतच फरशीवर सांडलं. सरांनी उरलेलं पाणी पिऊन सांडलेल्या पाण्याकडे बघितलं आणि तशाही अवस्थेत मला म्हणाले, "तेवढं पुसून घ्या, सर. ओल राहील."

मला हसूही येईना आणि रडूही.

चूक कुठे झाली ते दोन दिवसांनी सापडलं. बाटलीत उरलेली पूड त्यांनी उन्हात नेऊन कागदावर पसरली. वरचा थर हिरवा झाला होता. ओल लागू नये म्हणून त्यांनी ती बाटली प्रयोगशाळेतल्या सगळ्यात घट्ट बंद होणाऱ्या कपाटात ठेवली होती, तोंडाला नुसतं फडकं बांधून, भोवती बुटांच्या खोक्यांत मिळतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या रचून. पण ते कपाट ॲसिडचं. ॲसिडच्या वाफेनं निळा लेप पुन्हा हिरवा केला होता.

"पाण्याचंच भ्या होतं, सर," ते म्हणाले. "दुसरं काही असतंय, हे डोक्यातच न्हाई आलं."

त्यांनी सगळं बंद करायचं ठरवलं. पट्टा गुंडाळून कपाटात ठेवला. खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं होतं. पण आठवड्यानं आबांचा फोन आला. सर फोनवर नुसते "हां, हां" करत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "आबा इचारतेत, मास्तर, पट्टा झाला का. होळी झाल्यावर कातरणी हाय. म्हणतेत, एकदा बसू दे मला. एकदाच."

तेव्हा पुन्हा बर्फ आला, पुन्हा अमोनियाचा वास सुटला. नवी पूड झाली. ती त्यांनी ॲसिडपासून लांब, घरी, देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली. पट्टा स्वतःच्या डाव्या हाताला इतक्यांदा बांधून पाहिला की मनगटावर वळ उमटले. ठिणगी पडली नाही. तरी कातरणीच्या आदल्या दिवशी म्हणाले, "अजून एकदा बघू का, सर?" मी म्हटलं, "अहो, आता मेंढ्यासुद्धा कंटाळतील."

सकाळी आम्ही माझ्या गाडीवर निघालो. पट्टा स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी सरांच्या पोटाशी. वाटेत ते बरंच बोलले. ऊन कसं कडक आहे, हवेत ओल कशी नाही, दिवस कसा चांगला निवडला. इतकं मोकळं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

वस्तीवर आजूबाजूचे मेंढके जमले होते. कातरणीला एकमेकांकडे जायचं असतं, आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. सगळे आपापल्या कातरी घेऊन सावलीला बसले होते. आबा नवा पटका बांधून घोंगडीवर बसलेले. समोर जाळीच्या कुंपणात मेंढरं, अगदी लख्ख.

सर हसत हसत जाळीपाशी गेले आणि एका मेंढीच्या लोकरीत त्यांनी हाताची पालथी बाजू खुपसली. हात तिथंच थांबला.

"धुतली?" त्यांनी विचारलं.

त्यांची थोरली वहिनी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "धुतली की, भाऊजी. कातरायच्या आदी धुवत न्हाईत व्हय? काल कालव्यावर नेलती. आन् आज तुमचं यंत्र यायचं म्हून सकाळी पुन्ना एकदा धुतली."

मला हसू फुटलं, पण सरांचा चेहरा बघून ते जागच्या जागी विरलं. कातरायच्या आधी मेंढरं धुतात, हे त्या वस्तीतल्या रांगत्या पोरालाही माहीत होतं.

"मी इथंच वाढलो, सर," ते हळू आवाजात म्हणाले. "ह्याच कालव्यात मी मेंढरं ढकलायचो. जगातली सगळी ओल ध्यानात ठिवली, आन् हीच इसरलो."

डबा त्यांनी पुन्हा पोटाशी घेतला. आता ते माघारी फिरणार, हे मला दिसत होतं. आबांनाही दिसलं असावं.

"वाळतेत की," आबा बसल्या जागेवरून म्हणाले. "ऊन कशाला हाय?"

मग एक मेंढी निवडून तिला उन्हात बांधली. वहिनीनं टॉवेल आणला, जुनं लुगडं आणलं. मेंढी पुसून काढली, लोकर बोटांनी मोकळी केली. सर फेऱ्या घालत होते. हात लावून बघायचे, मान हलवायचे. ऊन चढलं. जेवणं झाली. पहिली कातर पडल्याशिवाय कुणाला काम सुरू करता येईना. सरांचा चुलतभाऊ, त्यांच्याच वयाचा, शेवटी म्हणाला, "काय बे मास्तर, मेंढरं वाळवायलाच बोलावलं का आमाला?" सगळे हसले. सर हसले नाहीत. कपाळावरचा घाम ते रुमालानं टिपत होते, आणि रुमालाचासुद्धा संशय येऊन तो घडी करून लांब ठेवत होते.

"मास्तर," आबांनी हाक मारली, "माणसं खोळंबली. ये आता."

सरांनी मेंढीला हात लावला. मग मला लावायला सांगितला. "कोरडं आहे," मी म्हणालो. या वेळी मी खरंच नीट बघितलं होतं.

आधी त्यांनी पट्टा स्वतःच्या हाताला बांधला, बटण दाबलं. काही झालं नाही. काढला. मग ते आबांसमोर उकिडवे बसले आणि आबांच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधायला लागले. आबांचा हात थरथरत होता आणि बकल धरलेला सरांचाही. बकलचा काटा भोकात जाईना. एकदा हुकला, पुन्हा हुकला. मी पुढे झालो, तर आबांनी नुसत्या नजरेनं मला थांबवलं. ते मुलाच्या बोटांकडे बघत होते. घाई नव्हती, राग नव्हता. बराच वेळ बघत राहिले. शेवटी काटा बसला.

सरांनी बटण चालू केलं आणि डोळे मिटले. आवाज झाला नाही.

हात थांबला, असं मी म्हणणार नाही. पण थरथर बरीच उतरली. मघाशी पानासारखा हलणारा हात आता नुसता थोडा अस्वस्थ होता. आबांनी तो उलटा-सुलटा करून बघितला. कातर घेतली, डाव्या हातानं मेंढीची मान धरली, आणि मानेपासून खांद्यापर्यंत एक सरळ पट्टी कातरून काढली. लोकर वळकटीसारखी खाली पडली. मेंढी हूं की चूं करेना. "जमलं की, आबा," चुलतभाऊ म्हणाला, आणि सगळे आपापल्या कातरी घेऊन उठले.

आबांनी कातर सरांच्या थोरल्या भावाकडे दिली. मग डाव्या हातानं बटण बंद केलं, बकल सोडलं आणि पट्टा काढला. सरांना वाटलं, टोचत असेल. "घट्ट झाला का, आबा?"

आबांनी सरांचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि पट्टा त्यावर ठेवला.

"आबा, हे तुमच्यासाठी केलंय."

"माझं झालं. एक कातर मारायची व्हती, मारली. तुला अजून लई लिवायचंय."

"तुमाला कुणी सांगितलं?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही अशी मान हलवली.

"सांगाया कशाला पायजे? बकल लावताना बघितलं की." आबा आता पट्टा सरांच्या मनगटाला गुंडाळत होते. त्यांचाही काटा भोकात जाईना. "थरथर माझीच आली ना तुझ्याकडं? मग हे बी तुलाच."

काटा बसला तेव्हा त्यांनी स्वतःच बटण दाबलं, मुलाच्या गुडघ्यावर थोपटलं आणि काठी घेऊन मेंढरांकडे निघून गेले.

सगळीकडे कातरी वाजायला लागल्या. सर तिथंच घोंगडीवर बसून होते. ते रडत होते. आवाज नव्हता, पण खांदे गदगद हलत होते, मान हलत होती, ओठ थरथरत होते. मांडीवर ठेवलेला उजवा हात तेवढा शांत होता.